चर्चच्या दारावरचा कागद

व्हिएन्नात स्टेफान्सडोमच्या चौकात डिसेंबरभर मोझार्टच्या वेशातली पोरं उभी असतात. डोक्यावर पांढरा टोप, अंगात किनारी लावलेला लांब कोट, हातात तिकिटांची फाइल. तुम्ही मान वर करून इमारती बघत चालताय हे दिसलं, की ती हेरतात आणि त्याच संध्याकाळच्या मैफलीचं तिकीट गळ्यात मारायला येतात. त्या मैफलींबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिथून दहाएक मिनिटं चाललात, तर आउगुस्टिनरकिर्श या जुन्या दरबारी चर्चच्या दाराशी साधा छापील कागद लावलेला असतो. रविवार, सकाळी अकरा, अमुक संगीतकाराची मिस्सा (म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी रचलेलं संगीत), एकल गायक, गायकवृंद, वाद्यवृंद. तिकिटाचा उल्लेख नसतो, कारण तिकीटच नसतं.

नाताळच्या दिवसांत युरोपात फिरताना मी आधी हे कागद वाचते. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, माझ्याबरोबर असते. तिचे गुडघे दुखतात, थंडी तिला सोसत नाही, आणि ख्रिस्ती आम्ही दोघीही नाही. पण संगीताचं वेड दोघींना सारखंच आहे. माझं ठाम मत असं, की नाताळचं सगळ्यात चांगलं संगीत मैफलीत नाही, उपासनेत ऐकायला मिळतं. ते फुकट असतं ही गोष्ट दुय्यम. खरी गंमत ही, की ते आपल्यासाठी चाललेलंच नसतं.

आउगुस्टिनरकिर्शमध्ये हे लगेच कळतं. गाणारे-वाजवणारे मागच्या गॅलरीत, ऑर्गनजवळ असतात आणि तुम्ही समोर वेदीकडे तोंड करून बसलेले असता. म्हणजे ब्रुकनरची एफ मायनर मिस्सा १८७२ साली जिथे पहिल्यांदा गायली गेली, त्या वास्तूत हायडन किंवा शूबर्ट ऐकताना एकही कलाकार दिसत नाही. पाठीमागून, वरून, कुठूनसा आवाज येतो. ताई सुरुवातीला सारखी मान वळवून बघायची. मग शेजारच्या आजीबाईंनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की मान जागेवर आली.

मिस्सेतले भागही इथे सुटे सुटे येतात. रेकॉर्डवर ‘कीरिए’ संपला की ‘ग्लोरिआ’, मग ‘क्रेडो’, सगळं एकापाठोपाठ चालतं. इथे मधे वाचन होतं, प्रार्थना होतात, जर्मनमधलं प्रवचन होतं. ताई प्रवचनात डुलकी काढते आणि पुढचा भाग सुरू होताना बरोबर जागी होते. मला मात्र ही मधली अंतरं आवडतात. हायडननं लिहिलं ते याच अंतरांसकट वाजण्यासाठी. ‘ग्लोरिआ’च्या तुताऱ्या डोक्यात घोळत असताना दहा-पंधरा मिनिटं नुसतं बोलणं ऐकायचं, आणि मग पुढचा स्वर. ‘आग्नुस देई’ येईपर्यंत तुम्ही तासभर त्या थंडीत बसलेले असता, त्यामुळे शांतीची याचना करणारा तो शेवटचा भाग वेगळाच लागतो.

व्हिएन्नाच्याच हॉफबुर्गकापेलेत रविवारी सव्वानऊला प्रसिद्ध बालगायकांची मिस्सा असते, उन्हाळ्याची सुट्टी सोडून. बसायच्या जागांना तिकीट आहे, उभं राहून ऐकायला पैसे लागत नाहीत. दोन्ही चर्चं एकाच राजवाड्याच्या आवारात, चालत काही मिनिटांच्या अंतरावर. पायात बळ असेल तर एकाच सकाळी दोन्ही जमतं. ताईनं पहिल्या ठिकाणी उभं राहायला साफ नकार दिला आणि दुसऱ्या ठिकाणी आमची जागा धरून बसली. उत्तम सोय झाली.

इंग्लंडचा प्रकार निराळा. तिथे रोजच्या संध्याकाळची एक उपासना आहे, इव्हनसाँग. मोठ्या कॅथीड्रलांमध्ये ती आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराला असते आणि जवळजवळ सगळी गायली जाते. सेंट पॉल्स किंवा वेस्टमिन्स्टर ॲबी दिवसा बघायला चांगलं सणसणीत तिकीट पडतं, पण इव्हनसाँगला कोणी पैसे विचारत नाही. दारावरच्या माणसाला ‘इव्हनसाँगसाठी आलोय’ एवढं सांगायचं. लवकर गेलात तर पुष्कळ कॅथीड्रलांत गायकवृंदाच्या बाकांच्या रांगेतच बसवतात. कोरीव लाकडाची उंच पाठ, समोर छोटा दिवा, आणि हाताच्या अंतरावर लाल किंवा पांढऱ्या झग्यातली दहा-बारा वर्षांची मुलं. त्यातलं एखादं नाक ओढत असतं, एखादं शेजाऱ्याला कोपर मारत असतं. संचालकाचा हात वर होतो आणि त्याच पोरांच्या तोंडून सोळाव्या शतकातल्या चार-पाच सुरावटी एकमेकींत गुंफत बाहेर पडतात. पूर्वी ही सगळी मुलंच असत. सॉल्सबरी कॅथीड्रलनं १९९१ साली मुलींचा वेगळा गायकवृंद सुरू केला आणि मग एकेक कॅथीड्रल त्या वाटेनं गेलं. डोळे मिटून ऐकलं तर मला फरक कळत नाही. ताईला कळतो, असं ती म्हणते.

इव्हनसाँगमध्ये दोन गाणी कायम असतात, वर्षातला दिवस कुठलाही असो. पहिलं ‘मॅग्निफिकाट’, म्हणजे पोटात बाळ असलेल्या मरियेचं गाणं. दुसरं ‘नुंक दिमित्तिस’, तान्ह्या येशूला हातात घेतल्यावर ‘आता मी सुखानं जायला मोकळा’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या शिमोनाचं. दोन्ही लूकच्या शुभवर्तमानातली. म्हणजे जुलैतल्या उकाड्यातसुद्धा तिथे रोज संध्याकाळी नाताळची गोष्ट गायली जाते. डिसेंबरात फक्त बाहेरचं हवामान तिला जुळून येतं. १७ ते २३ डिसेंबर या आठवड्यात ‘मॅग्निफिकाट’च्या मागेपुढे रोज एक छोटं प्राचीन पद जोडतात, प्रत्येकाची सुरुवात ‘ओ’ या हाकेनं. सातही दिवस एकाच गावात राहता आलं तर राहावं. आम्हाला अजून तसं जमलेलं नाही, ताईला एका जागी तीन रात्रींनंतर कंटाळा येतो.

प्रवास आखताना दोन गोष्टी बघा. एक, चर्चच्या वेळापत्रकात त्या उपासनेपुढे ‘संग’, म्हणजे गायलेली, असं लिहिलंय की ‘सेड’, म्हणजे नुसती म्हटलेली. ‘सेड’ म्हणजे पाच-सहा माणसं एका कोपऱ्यातल्या छोट्या चॅपेलमध्ये बसून प्रार्थना नुसत्या म्हणणार. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इंग्लंडमधल्या कॅथीड्रलांचे गायकवृंद २५ डिसेंबरच्या उपासना आटोपल्या की सुट्टीवर जातात. मुलंच ती, अख्खा महिना राबलेली, त्यांनाही घर असतं. ‘नाताळची गर्दी ओसरली की सावकाश ऐकू’ म्हणून २७ तारखेला पोचणाऱ्याला ऑर्गनचे नुसते पाइप बघायला मिळतात. लंडनला जायचं तर पंचवीसच्या आधीचा आठवडा धरा. आणि खुद्द २५ तारखेला लंडनमध्ये मेट्रो, बस, आगगाडी काहीही चालत नाही, तेव्हा सकाळच्या उपासनेला जायचं असेल तर चालत पोचता येईल अशा अंतरावर मुक्काम हवा. आम्ही हॉटेल निवडताना न्याहारीच्या आधी हे अंतर बघतो.

आता किंग्ज कॉलेजविषयी. केंब्रिजची ती बायबलमधल्या नऊ वाचनांची आणि कॅरलची, म्हणजे नाताळगीतांची, उपासना जगभर माहीत आहे. २४ डिसेंबरला दुपारी तीनला सुरू होते, बीबीसी १९२८ पासून ती प्रसारित करते. सुरुवातीच्या गाण्याचं पहिलं कडवं एकटा मुलगा गातो, साथीशिवाय, आणि तो मुलगा कोण हे संचालक अगदी आयत्या वेळी खुणेनं ठरवतो, म्हणजे पोराला घाबरायला वेळच मिळत नाही. शहाणपणाची पद्धत आहे. इथली पहिली उपासना १९१८ सालची, पहिलं महायुद्ध थांबून जेमतेम दीड महिना झाला होता. ती मांडणारे एरिक मिल्नर-व्हाइट युद्धात लष्करी धर्मगुरू होते. पण मूळ कल्पना त्यांची नव्हे. कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावात १८८० साली बिशप बेन्सन यांनी ती पहिल्यांदा केली. तिथलं कॅथीड्रल तेव्हा बांधून व्हायचं होतं, त्यामुळे उपासना झाली लाकडी तात्पुरत्या इमारतीत. नाताळच्या आदल्या रात्री लोकांनी दारूच्या गुत्त्यात बसू नये म्हणून हा खटाटोप, असं सांगतात.

किंग्जमध्ये आत जायला पैसे नाहीत, पण जागा मिळवणं हाच एक उद्योग आहे, आणि ती कशी मिळते याचे नियमही बदलत आलेत. कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम बघून घ्यावा. मी म्हणते, त्याच्या मागे लागूच नये. डिसेंबरात इंग्लंडमधल्या साध्यातल्या साध्या चर्चमध्ये हीच नऊ वाचनं होतात, त्याच क्रमानं. ॲडमचं पाप, अब्राहामला वचन, यशयाची भविष्यवाणी, मग देवदूत, मेंढपाळ, ज्ञानी पुरुष. पहिलं वाचन एखादा शाळकरी मुलगा अडखळत करतो आणि शेवटचं धर्मगुरू. मधे गावातल्या हौशी मंडळींचा क्वायर, म्हणजे गायकवृंद. त्यात पुरुषांची वानवा हमखास असते, उंच पुरुषी आवाजाचा, म्हणजे टेनर, एकच आणि तोही सर्दी झालेला. पण ही कमतरता शेवटच्या सामूहिक गाण्यात कुठल्या कुठे जाते. सगळे उभे राहतात, हातातल्या कागदावरून गाऊ लागतात. अखेरच्या कडव्यात ऑर्गनवादक नेहमीची साथ सोडून निराळेच स्वरसंघ घेतो आणि वरच्या पट्टीतल्या बायका मूळ चालीवर दुसरी चाल चढवतात. किंग्जच्याच डेव्हिड विल्कॉक्स यांनी लिहिलेल्या अशा चाली १९६१ पासून छापील पुस्तकांत आल्या आणि देशभरच्या क्वायरना पाठ झाल्या. त्यामुळे एका परीनं प्रत्येक गावात थोडं किंग्ज असतंच. केंब्रिजला रांगेत कुडकुडत थांबण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

जर्मनीत लाइपझिगच्या टोमासकिर्शमध्ये शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी मोटेट, म्हणजे धार्मिक समूहगीतं, असतात, टोमानर मुलांच्या आवाजात. हा गायकवृंद १२१२ सालचा. अगदी फुकट नाही, काही युरो देऊन कार्यक्रमपत्रिका घ्यावी लागते आणि तीच तिकिटाचं काम करते. बाखनं इथे १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत नोकरी केली, आणि आता त्याची कबरही इथेच आहे, वेदीसमोर जमिनीत. लोक तिच्यावर फुलं ठेवतात. बाखचा ख्रिसमस ऑरेटोरिओ आज मैफलीत अर्धा किंवा सगळा एका संध्याकाळी उरकतात, त्याची तिकिटं महाग आणि आधीच संपलेली. पण तो एका बैठकीत ऐकण्यासाठी लिहिलेलाच नाही. सहा स्वतंत्र कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या उपासनेतल्या रचना, आहेत ते. १७३४च्या नाताळात २५, २६, २७ डिसेंबर, मग १ जानेवारी, नंतरचा रविवार आणि ६ जानेवारी अशा सहा दिवशी उपासनेत वाजले. आजही जर्मनीत काही चर्चमध्ये यातला एखादा भाग त्याच्या नेमक्या दिवशी सकाळच्या उपासनेत वाजतो. फलकावर ‘कांटाटेनगोटेसडीन्स्ट’, म्हणजे कँटाटासह उपासना, असा लांबलचक शब्द दिसला की आत शिरा. पंचवीसच्या सकाळी, बाहेर अजून नीट उजाडलेलंही नसताना, पहिल्या भागातला तो नगारा एकटा वाजतो, आणि अर्धवट झोपेतली अख्खी सभा ताठ बसते.

साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फबद्दल थोडक्यात. ‘स्टिले नाख्ट’, म्हणजे ‘सायलेंट नाइट’, हे गाणं तिथे २४ डिसेंबर १८१८ ला पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रूबर यांची, साथीला गिटार. मूळ चर्च राहिलेलं नाही, त्या जागी छोटंसं स्मारक-चॅपेल आहे, आणि दर २४ डिसेंबरला संध्याकाळी पाचला त्यासमोर उघड्यावर लोक जमतात. जगातल्या शेकडो भाषांत पोचलेलं गाणं दोन आवाज आणि एका गिटारवर ऐकायचं असेल तर जा. गर्दी सोसत नसेल तर नका जाऊ.

माझा खरा जीव अडकला तो मायोर्कात. बाकी जग बाळाच्या जन्माची गोड गाणी गात असतं त्या २४ डिसेंबरच्या रात्री, या स्पॅनिश बेटावर चर्चमध्ये जगबुडीचं गाणं होतं. सिबिलाचं गाणं. सिबिला म्हणजे भविष्य सांगणारी प्राचीन स्त्री. ती भूमिका एखादा मुलगा किंवा मुलगी करते. भरजरी झगा, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही हातांत चेहऱ्यासमोर उभी धरलेली तलवार. ही तलवार गाणं संपेपर्यंत तशीच धरून ठेवायची असते. बाजूला मेणबत्त्या घेतलेली दोन मुलं. मग ते पोर साथीशिवाय गायला लागतं. न्यायाच्या दिवशी आकाशातून अग्नी येईल, समुद्र, झरे, नद्या जळतील. कडवं संपलं की ऑर्गन थोडं वाजतो आणि पुन्हा तो एकटा आवाज. चाल ग्रेगरियन, म्हणजे जुन्या एकसुरी चर्चगायनाच्या, वळणाची, कुठे घाई नाही, कुठे भीती दाखवायचा आव नाही. दगडी कमानी तो स्वर इतका वेळ धरून ठेवतात, की जुळलेला तानपुरा मागे चालू असावा तसं वाटतं, आणि पुढचा स्वर त्याच्यावर येऊन टेकतो. शेवटी गायक तलवारीनं हवेत क्रूस काढतो.

मध्ययुगात ही प्रथा युरोपात बऱ्याच ठिकाणी होती. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनंतर ती जवळपास सगळीकडे बंद पडली, मायोर्कात आणि सार्डिनियातल्या आल्गेरोत टिकली. युनेस्कोनं २०१० साली मायोर्कातल्या सिबिलाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पाल्माच्या कॅथीड्रलमध्ये ती होतेच, पण बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक गावच्या चर्चमध्येही होते. आम्ही गावातल्या चर्चमध्ये ऐकली. गाणारी मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल. पहिल्या रांगेत तिची आई तिच्याबरोबर ओठ हलवत होती. तलवार खरीच जड होती की काय कोण जाणे, चौथ्या-पाचव्या कडव्यानंतर मुलीची मनगटं थरथरायला लागली, पण टोक खाली आलं नाही. ताई बाहेर पडल्यावर बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, ‘‘हे बरं आहे. नाहीतर सगळीकडे नुसत्या घंटा आणि बर्फ.’’

तिच्या या शेऱ्याशी मी सहमत आहे. महिनाभर दुकानातल्या लाउडस्पीकरनं कानात ओतलेल्या घंटांनंतर चर्चमधलं नाताळचं संगीत एवढ्यासाठीच आवडतं, की त्यात अंधार आहे. खुद्द चर्चच्या पंचांगात २४ डिसेंबरपर्यंत नाताळ नसतोच, आगमनकाळ असतो, वाट बघण्याचा. काटेकोर क्वायर तोवर जन्माची गाणी गात नाहीत, बाहेर बाजारात ती नोव्हेंबरापासून वाजत असली तरी.

फिनलंडमध्ये तर ऐकायचंही काम नाही, गायचं. लूथरन चर्चमध्ये डिसेंबरभर ‘काउनेइम्मात योउलुलाउलुत’, म्हणजे सगळ्यात सुंदर नाताळगीतांच्या सभा भरतात. १९७३ पासूनची रीत. दारात छोटी पुस्तिका देतात, प्रवेश मोफत, मधे मदतनिधीसाठी पैसे गोळा करतात, आणि तासभर सगळी सभा गाते. फिनिश जशी लिहितात तशीच उच्चारतात, त्यामुळे अर्थ न कळताही अक्षरं वाचत गाता येतं. बरीच गाणी मायनरमधली, संथ, बाहेरच्या चार वाजताच्या काळोखाला शोभणारी. ताई इतर ठिकाणी गुणगुणतही नाही, ती इथे पुस्तिका नाकाशी धरून खणखणीत गात होती. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून तिला कुठलं कडवं चाललंय ते बोटानं दाखवलं.

काही रीतीभाती. उपासनेत टाळ्या नसतात, संगीत कितीही अंगावर आलं तरी. संपल्यावर ऑर्गन एकटा वाजतो तेव्हा लोक उठून चालू लागतात, तुम्ही बसून ऐका, वादकाला आनंद होतो. फोन बंद, फोटो नाही. मिस्सेत लोक प्रसाद घ्यायला रांगेनं पुढे जातात तेव्हा जागेवर बसून राहिलं तरी कोणाला काही वाटत नाही, फक्त रांगेत अडथळा होणार नाही इतके पाय आत घ्या. पटलं नाही म्हणून प्रवचनाच्या मधे उठून जाऊ नका. दगडी चर्चमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा वाटतो, कोट काढायचा विचारही करू नका, पायमोजे दोन घाला. स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी नसतं, ते आधीच उरकून या.

आणि पैसे. दानपेटी फिरते तेव्हा आम्ही चांगल्या मैफलीच्या स्वस्तातल्या तिकिटाइतकी रक्कम टाकतो. वादकांना मानधन द्यावं लागतं, ऑर्गनची दुरुस्ती लाखांच्या घरात जाते, मुलांना शिकवणारे शिक्षक असतात. हल्ली पुष्कळ चर्चच्या दाराशी कार्ड टेकवायचं यंत्रही असतं, त्यामुळे सुटे नव्हते ही सबब उरत नाही. ताई तरीही नाणीच टाकते. थाळीत आवाज आला पाहिजे म्हणते.

यंदा आम्ही २५ डिसेंबरनंतर निघतोय, म्हणजे इंग्लंड बाद. जर्मनीत मात्र नाताळ ६ जानेवारीपर्यंत चालतो आणि काही चर्चमध्ये झाड त्यानंतरही उभं असतं. ऑरेटोरिओचा सहावा भाग त्या दिवशी कुठे वाजणार आहे हे शोधायचं काम माझं. तिथली बाकं टेकायच्या पाठीची आहेत की नाहीत, हे शोधायचं ताईचं.